न परतलेला डॉक्टर

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. मृत्यू ९ डिसेंबर १९४२ रोजी, चीनच्या हपेई प्रांतातल्या थांग परगण्यातील कगोंग नावाच्या खेड्यात. बत्तिसावे वर्ष पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मागे पत्नी होती, साडेतीन महिन्यांचा मुलगा होता, शल्यक्रियेवरच्या पाठ्यपुस्तकाचे अपुरे हस्तलिखित होते आणि हजारो मैलांवर सोलापुरात एक मोठे कुटुंब होते. त्या कुटुंबाने त्यांना १९३८ नंतर पाहिलेच नव्हते. आज त्यांच्या नावाचे पुतळे, टपाल तिकिटे, रुग्णालये, पुस्तके आणि एक गाजलेला चित्रपट आहे. दूरदेशी गेलेला तरुण तिकडेच संपतो, तेव्हा त्याची आठवण कोण ठेवते, ती कोणत्या वाटेने घरी येते आणि येताना तिचे काय होते, हे तपासायला मराठी मुलखात याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कोटणीसांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतली होती आणि पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती. जग फिरावे, वेगवेगळ्या देशांत डॉक्टरकी करावी, ही हौस त्यांना विद्यार्थीदशेपासूनची. १९३८ मध्ये ती पुरी करण्याची संधी अनपेक्षित दिशेने आली. १९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर उघड आक्रमण केले होते. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय मदत मागितली. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि वर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये उभे राहिले. पारतंत्र्यातल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला स्वतःच्या नावाने मदत पाठवावी, यात राजकारण अर्थातच होते. ब्रिटिश सरकारला न विचारता भारताचे स्वतःचे परराष्ट्र धोरण असू शकते, हे काँग्रेसला दाखवून द्यायचे होते.

पथकात पाच डॉक्टर होते. नेते अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय सेवा करून आलेले. उपनेते नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे दोघे, आणि पाचवे कोटणीस. विदर्भातल्या वाचकाने चोळकरांचे नाव मुद्दाम ध्यानात ठेवावे. सोलापूरचा डॉक्टर चित्रपटामुळे घरोघर पोहोचला. नागपूरचा डॉक्टर त्याच बोटीतून गेला, काम करून सुखरूप परत आला आणि विस्मरणात गेला. कोणाची आठवण टिकते याचा हिशेब फारसा न्यायाचा नसतो, हे या पाच नावांवरूनच दिसते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ ही बोट पाचही जणांना घेऊन मुंबईहून निघाली. बोटीवरच्या दिवसांत कोटणीस चिनी शब्दांची टिपणवही करू लागले. ही वही आज चीनमधल्या त्यांच्या स्मृतिसंग्रहात ठेवलेली आहे. (‘राजपुताना’चाही शेवट पुढे दुसऱ्या महायुद्धात झाला. ब्रिटिश आरमाराने तिला लढाऊ कामाला जुंपले आणि १९४१ च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या बाजूला जर्मन पाणबुडीने ती बुडवली.) १७ सप्टेंबरला पथक कँटनला पोहोचले. तिथे सुन यत्‌सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढचा सगळा प्रवास माघार घेणाऱ्या देशातून झाला. कँटन आणि हानखौ ही दोन्ही शहरे ऑक्टोबर संपण्याआधी जपान्यांच्या हाती गेली. पथक यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला सरकत युद्धकाळातल्या राजधानीला, छोंगछिंगला आले. तिथे शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे तान युनशान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. कोटणीसांचे झाले के तिहुआ. चीनमध्ये आजही त्यांना याच नावाने ओळखतात. ‘कोटणीस’ म्हटले तर तिथल्या सामान्य माणसाला अर्थबोध होणार नाही.

वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. परत जाण्याची मोकळीक होती. ते गेले नाहीत. या निर्णयावर पुढे भारतात आणि चीनमध्ये बरेच लिहिले गेले आणि बहुतेक ठिकाणी त्याला कर्तव्यनिष्ठेचा नमुना ठरवले गेले. घरच्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र एवढे सरळ राहत नाही. दोन भाऊ आणि पाच बहिणींच्या घरात कर्ता पुरुष गेल्यावर डॉक्टर झालेला मुलगा परदेशात राहतो, याचा अर्थ कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी घराला वेगळा सांगावा लागत नाही. थोर माणसाच्या चरित्रात हा भार नेहमी दोन ओळींत उरकला जातो.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक यानआनला, माओ त्से-तुंग यांच्या मुख्यालयी पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहा हीच तिथली घरे, कचेऱ्या आणि रुग्णालये. मुखर्जी आणि चोळकर त्याच वर्षी भारतात परतले. उरलेले तिघे १९३९ च्या नोव्हेंबरात आघाडीकडे निघाले. प्रकृती बिघडल्यामुळे अटलही पुढे माघारी आले. बसूंना यानआनला परत बोलावून घेण्यात आले. कोटणीस मात्र शान्सी, चाहार आणि हपेई या प्रांतांच्या सीमेवरच्या, जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या छापामार तळावर राहिले. १९४० च्या उन्हाळ्यापासून तिथे मोठी मोहीम झाली. तेरा दिवसांत त्यांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केल्याचे चिनी नोंदी सांगतात, आणि बहात्तर तास झोप न घेता काम केल्याचेही.

त्या तळावर त्यांच्याआधी एक परदेशी शल्यविशारद येऊन गेला होता आणि तिथेच मेला होता. कॅनडाचे नॉर्मन बेथून. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्तात विष पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात माओंनी त्यांच्यावर स्मृतिलेख लिहिला. १९६० नंतरच्या दशकात चीनमधल्या शाळकरी मुलांनी तो पाठ केला. बेथून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. हा तपशील पुढच्या गोष्टीसाठी फार महत्त्वाचा आहे. परक्या देशातून आलेला, जखमींची सेवा करताना मेलेला डॉक्टर कसा स्मरायचा, याचा एक साचा चीनमध्ये कोटणीसांच्या मृत्यूआधीच तयार झाला होता. ते गेले तेव्हा त्यांची आठवण आपोआप त्या साच्यात बसली. दोघांच्या कबरी पुढे एकाच उद्यानात आल्या, त्यामागेही हेच कारण आहे.

कुओ छिंगलान या त्याच तळावरच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत. पेकिंगमध्ये शिक्षण झाल्यामुळे त्यांना इंग्रजी येत होते. बेथून यांच्या कबरीच्या उद्‌घाटनाला १९४० मध्ये त्यांची आणि कोटणीसांची पहिली भेट झाली. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव, यिनहुआ, तळाचे सेनापती निए रोंगचेन यांनी सुचवले. त्यात भारत आणि चीन दोन्ही आहेत. एव्हाना कोटणीस चिनी भाषेत व्याख्याने देत होते. खेड्यातली माणसे आणि सैनिक त्यांना लाडाने ‘काळी आई’ म्हणत.

त्यांना अपस्माराचा विकार जडला होता. झटके वारंवार येऊ लागले तेव्हा उपचारासाठी तळ सोडून जावे, असे वरिष्ठांनी सुचवले होते. त्यांनी ते मानले नाही. अपस्मारात मेंदूतल्या पेशींचे विद्युत्संकेत अचानक बेताल होतात. जागरण, थकवा, ताप आणि उपासमार यांनी झटक्यांचे प्रमाण वाढते. एकामागून एक झटके येत राहिले आणि मध्ये शुद्धच आली नाही, तर श्वास आणि रक्ताभिसरण धोक्यात येते. आजच्या सुसज्ज रुग्णालयातही ती तातडीची अवस्था मानतात. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात होते, फेनिटॉइन १९३८ मध्ये आले होते. पण वेढ्यात सापडलेल्या छापामार तळावर भूल देण्याच्या औषधांचीही वानवा असे. शेवटच्या दिवसांत कोटणीस शल्यक्रियेवरच्या दुसऱ्या पाठ्यपुस्तकावर काम करत होते. ८ डिसेंबरच्या रात्री झटके सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे संपले.

माओंनी शोकसंदेश लिहिला. त्याचा आशय असा, की सेनेने आपला मदतनीस गमावला आणि राष्ट्राने मित्र. सुंग छिंगलिंग यांनी कोटणीसांच्या आप्तांना सांत्वनाचे पत्र धाडले. हे दोन्ही मजकूर पुढे कोटणीसांवरच्या जवळपास प्रत्येक लेखात आले आहेत.

सोलापूरच्या घरी मात्र या चार वर्षांतले फारसे काही नव्हते. पत्रे होती, पण ती अनेक महिन्यांनी पोहोचत. युद्धामुळे टपाल वळणावळणाने येई आणि छापामार तळावरून निघालेले पत्र पोहोचेलच याची खात्री नसे. सून घरच्यांनी पाहिलेली नव्हती, नातू पाहिला नव्हता. ज्याला ते ओळखत होते तो द्वारकानाथ १९३८ मध्ये मुंबईच्या धक्क्यावरून निघालेला सत्तावीस वर्षांचा अविवाहित तरुण होता. गेलेला डॉक्टर चिनी बोलणारा, एका मुलाचा बाप, साम्यवादी पक्षाचा सभासद आणि रुग्णालयाचा प्रमुख होता. प्रवासात मेलेल्या माणसाच्या बाबतीत घरच्यांची ही अडचण नेहमीची आहे. त्याच्या आयुष्याचा अखेरचा आणि बहुधा सर्वांत भरीव भाग परक्यांच्या आठवणीत असतो. तो भाग मिळवण्यासाठी घरच्यांना त्या परक्यांवर अवलंबून राहावे लागते.

असा एक माणूस परत आला. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांनी यानआनच्या दिवसांत रोजनिशी ठेवली होती; ती इंग्रजीत ‘कॉल ऑफ येनान’ या नावाने १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. पण त्यांच्या बोलण्यातून पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांना सगळी हकिगत त्याआधीच मिळाली आणि १९४४ मध्ये त्यांचे छोटे पुस्तक आले, ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. पाच गेले, चार आले, हा त्या पुस्तकाचा कणा. बसूंनी मित्राचे ऋण आणखी एका प्रकारे फेडले. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, सुईउपचाराची पद्धत शिकून आले आणि भारतात ती रुजवली. अखिल भारतीय डॉ. कोटणीस स्मृती समितीच्या कामातही ते अग्रभागी राहिले. लुधियान्यात कोटणीसांच्या नावाचे जे रुग्णालय आहे, तिथे सुईउपचार हाच मुख्य उपचार आहे. कोटणीस स्वतः चाकू चालवणारे डॉक्टर. त्यांच्या नावाने सुया टोचल्या जाव्यात हा योगायोग गमतीचा असला, तरी तो बसूंच्या वाटेने आलेला आहे.

अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट काढला. पटकथा अब्बास आणि व. प. साठे यांची, संगीत वसंत देसाईंचे. कोटणीस झाले स्वतः शांताराम आणि छिंगलान झाल्या जयश्री. जपान नुकत्याच संपलेल्या युद्धात ब्रिटिशांचाही शत्रू असल्यामुळे हा विषय सरकारला खटकणारा नव्हता, आणि काँग्रेसने पाठवलेल्या पथकाची गोष्ट असल्यामुळे प्रेक्षकांच्या देशप्रेमालाही तो भिडणारा होता. चित्रपटाने कोटणीसांना अमर केले, हे खरेच. त्याचबरोबर त्याने त्यांना बदललेही. प्लेगच्या साथीत डॉक्टर स्वतःच्या अंगावर प्रयोग करून लस शोधतो, असा भाग चित्रपटात ठळक आहे. प्रत्यक्षातले त्यांचे काम जखमींवर शस्त्रक्रिया करणे, शिकवणे आणि पुस्तक लिहिणे हे होते. जागून केलेल्या शेकडो शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवणे अवघड. एक लस, एक सुई आणि एक बेशुद्धी हे दाखवणे सोपे. शेवटी मरणासन्न डॉक्टर पत्नीला आपल्या घरची वाट सांगतो आणि ती बाळाला घेऊन सोलापूरला येते, असे दृश्य आहे. मराठी प्रेक्षकाला हे दृश्य हवेच होते. सासूने सुनेला उंबरठ्याच्या आत घ्यावे, नातू मांडीवर बसावा, एवढ्याने तरी गेलेल्या मुलाचे ऋण फिटल्यासारखे वाटते. पण तसे घडले नव्हते. छिंगलान तेव्हा चीनमध्येच होत्या. जपानविरुद्धचे युद्ध संपून यादवी युद्ध पेटले होते. सासरी येण्याचा योग १९५८ मध्ये, लग्नानंतर सोळा वर्षांनी आला.

परदेशी गेलेल्या आणि अकाली मेलेल्या मराठी माणसाच्या आठवणीत असा हात फिरवण्याची ही पहिली वेळ नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या आणि क्षयाने जर्जर होऊन परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या बाबतीत प्रवास उलटा झाला. त्या घरी येऊन गेल्या, पण अस्थी परदेशी गेल्या. ज्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी त्यांना अमेरिकेत आईच्या मायेने सांभाळले, त्यांच्याकडे त्या पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्येच निघाले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. पण सामान्य मराठी वाचकाच्या मनातली आनंदी आली ती श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीतून, मग नाटकातून आणि २०१९ च्या चित्रपटातून. चरित्रातली बाई स्वतःच्या पत्रांतून बोलते. कादंबरीत नवऱ्याचा हट्ट आणि तिची घुसमट पुढे येते. दोन्ही खरे असू शकते. तरी वाचणाऱ्याला कोणती आनंदी भेटते, हे त्याने कोणते पुस्तक आधी उघडले यावर अवलंबून असते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला या सगळ्यात एक गोष्ट उणी वाटेल, ती म्हणजे जागा. इकडे मृताची आठवण जागेला बांधलेली असते. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांत गेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात. नवी शिळा जुन्या शिळांच्या सोबतीला येते आणि आप्तांना कुठे जायचे ते ठाऊक असते. १८५७-५८ च्या बंडातले बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळावर फाशी दिले. त्या पिंपळाजवळ दरवर्षी त्या दिवशी माणसे जमतात. कोटणीसांच्या घरच्यांना अशी जागाच नव्हती. दहन नाही, अस्थी नाहीत, दशक्रियेला नदीचा घाट नाही. देह होता तो चिनी पद्धतीने पुरलेला, चीनमध्येच, आणि तिथे जायला पासपोर्ट लागणार होता.

ती कबर आता हपेई प्रांताची राजधानी शिच्याच्वांग इथल्या हुतात्मा उद्यानात आहे. मूळ दफन थांग परगण्यातले. १९५० नंतरच्या दशकात अवशेष इथे आणले गेले. उद्यानाची दक्षिण बाजू कोटणीसांची, तिथे त्यांचा पुतळा आहे; बेथून यांची कबरही याच उद्यानात. संग्रहात टिपणवही, काही शस्त्रक्रियेची हत्यारे आणि छायाचित्रे ठेवली आहेत. चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग नावाचा सण असतो. लोक पूर्वजांच्या कबरी झाडून-पुसून फुले वाहतात. आपल्याकडच्या पितृपक्षाचे काम तिकडे वसंत ऋतूत होते म्हणा ना. त्या दिवशी शिच्याच्वांगचे लोक के तिहुआ यांच्या कबरीवरही फुले वाहतात. ज्याचे कोणी आप्त जवळ नाहीत अशा माणसाला गावाने आपल्या पूर्वजांत धरले, हा या स्मरणातला सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत टिकाऊ भाग आहे. त्यासाठी कोणत्याही सरकारचा हुकूम लागत नाही.

सरकारांची आठवण वेगळी असते. ती तारखा आणि दौरे पाहून जागी होते. १९५० नंतरच्या दशकात भारत-चीन मैत्रीचा बोलबाला होता, तेव्हा कोटणीस हे तिचे प्रतीक झाले. १९६२ च्या युद्धानंतर भारतात चीनचे नाव काढणे अवघड झाले आणि कोटणीसांचेही. ज्या माणसाचा दोन देशांच्या सीमावादाशी तिळमात्र संबंध नव्हता, त्याच्या नावावर त्या वादाची सावली पडली. पुढे संबंध सुधारत गेले तसे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. १९८२ मध्ये, मृत्यूच्या चाळिसाव्या वर्षी चीनने टपाल तिकिटे काढली. भारताने ९ डिसेंबर १९९३ रोजी. चीनचे अध्यक्ष हू जिंताओ २००६ मध्ये मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटले. पंतप्रधान ली खछियांग २०१३ मध्ये आले तेव्हा त्यांनी कोटणीसांच्या बहिणीची भेट घेतली. ती तेव्हा नव्वदीच्या पुढे होती. भाऊ गेला तेव्हा विशीत असलेल्या मुलीला सत्तर वर्षांनी एका देशाचा पंतप्रधान भेटायला येतो आणि तिच्या शेजारी बसून छायाचित्र काढतो. त्यात मुत्सद्देगिरी आहे, हे घरच्यांनाही कळत असणारच. तरी अशा भेटी नाकारण्याचेही कारण नसते. परराष्ट्र खात्याच्या गरजेपोटी का होईना, भावाचे नाव घेतले जाते.

या सगळ्यांत स्मरणाचे मोल कुओ छिंगलान यांनी सर्वांत जास्त दिले. लग्नाचे वर्ष जेमतेम झाले होते तेव्हा त्या विधवा झाल्या. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले आणि तालियन शहरात राहिल्या. मराठी मनाला ही बाब सांगायला अवघड वाटते, म्हणून भारतातल्या अनेक लेखांत ती गाळलेली दिसते. त्यांना मात्र यात विसंगती वाटली नाही. १९५८ नंतर त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांशी नाते राखले, कोटणीसांवर व्याख्याने दिली आणि आपल्या आठवणींचे पुस्तक केले. ते इंग्रजीत ‘माय लाइफ विथ कोटणीस’ या नावाने निघाले. त्यातले कोटणीस पुतळ्यातले नाहीत. ते थट्टा करणारे, गाणारे, चिनी उच्चार चुकले की हसणारे आहेत. मुलगा यिनहुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये, पंचविशी गाठण्याआधीच मरण पावला. सांस्कृतिक क्रांतीची ती वर्षे होती. म्हणजे कोटणीसांचा वंशही चीनमध्ये उरला नाही. छिंगलान २८ जून २०१२ रोजी शहाण्णव वर्षांच्या होऊन वारल्या. नवऱ्याबरोबर एक वर्ष आणि त्याच्या आठवणीबरोबर सत्तर वर्षे, असा त्यांच्या संसाराचा हिशेब होतो.

घरच्यांनीही आपली बाजू लिहून ठेवली. भाऊ मंगेश कोटणीस यांनी ‘द ब्रिज फॉर एव्हर’ हे इंग्रजी चरित्र लिहिले. ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. अब्बास आणि शांताराम यांच्याहून ते जवळपास चार दशकांनी उशिरा आले. मधल्या काळात कहाणी इतकी पक्की झाली होती, की भावाच्या पुस्तकाला चित्रपटाएवढे वाचक मिळणे शक्य नव्हते. तरी बालपणीचे सोलापूर, घरातली माणसे आणि पत्रव्यवहार यांसाठी अभ्यासकाला याच पुस्तकाकडे यावे लागते. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे वारंवार होते: गोष्ट आधी बाहेरचे सांगतात आणि दुरुस्ती घरचे नंतर करतात.

सोलापुरात भैया चौकातल्या कोटणीसांच्या जुन्या घराचे स्मारक झाले आहे. २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. छायाचित्रे, पत्रे आणि चीनमधून आलेल्या भेटवस्तू तिथे पाहायला मिळतात. चिनी शिष्टमंडळे महाराष्ट्रात आली की तिथेही जातात. गेल्या शतकात ज्या घराला मुलाच्या मरणाचा पत्ता उशिरा लागला, त्याच घराचा पत्ता आता परदेशी पाहुण्यांना आधीच ठाऊक असतो. घर तेच, पण स्मारक झाल्यावर त्याचे काम बदलते. घरात आठवणी निघतात त्या भांडणांच्या, आवडीच्या भाजीच्या, परीक्षेतल्या गुणांच्या. स्मारकात त्यांना काचेची कपाटे आणि पाट्या लागतात, आणि पाटीवर मावत नाही ते हळूहळू निघून जाते.

शिच्याच्वांगमध्ये के तिहुआ यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. तिथे परिचर्या आणि वैद्यकाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. पुतळ्यांचा असा उपयोग आपल्याकडे फारसा होत नाही. हार घालून परतण्याची रीत जास्त. कोटणीसांनी आयुष्याची शेवटची दोन वर्षे रुग्णालय चालवण्यात, विद्यार्थ्यांना शिकवण्यात आणि त्यांच्यासाठी चिनीत पाठ्यपुस्तक लिहिण्यात घालवली होती. त्या अर्थाने शाळेतली शपथ त्यांच्या प्रत्यक्ष कामाला चित्रपटातल्या लसीपेक्षा जवळची आहे. सोलापूर आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शल्यक्रिया शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे नाव रस्त्याच्या किंवा चित्रपटाच्या पलीकडे ठाऊक असते, हे विचारून पाहण्यासारखे आहे.